उसनं नाक

आमच्या घरातला केर थेट उकिरड्यावर कधीच गेला नाही. मी झाडून सुपलीत भरला, की मामंजींचा हात पुढे यायचा. "आण हिकडं." मग पुढच्या ओट्यावर उन्हाला पाठ करून बसायचं, वर्तमानपत्रावर तो केर पसरायचा आणि बोटाने कडेकडेने सारत बघायचा. माझे सासरे तीस वर्षं तमिळनाडूत, सेलमला, गलाईच्या दुकानात होते. जुने दागिने आटवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हा आमच्या विटा गावातल्या घराघरातल्या पुरुषांचा धंदा. तिथे दुकानाच्या फरशीवरची धूळसुद्धा जपतात, जाळतात, धुतात, कारण सोन्याचे कण तिच्यात उतरलेले असतात. धंदा सोडून घरी आले तरी हाताची सवय सुटली नव्हती. मी साताऱ्यात वाढलेली, नवी सून. शेजारणी ओट्यावरून बघायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा माझ्या कुडीची फिरकी त्यांनी त्या केरातून काढून, धोतराला पुसून माझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून केराबद्दल मी तोंड उघडलं नाही. बाकी सगळ्याबद्दल उघडत होते.

आमच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी ते कायमचे परत आले. दुकान थोरल्या दिरांच्या हाती सोपवलं होतं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, आणि त्यांच्या वेळी मामंजी विट्यात पोचले तोवर राख सावडूनही झाली होती. ही गोष्ट घरात कोणी बोलत नसे, तेही नाही. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली आणि वेताची एक करंडी. मिरजेपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी, असा प्रवास करून आलेल्या त्या करंडीतून एक करडी मांजर बाहेर पडली, अंग झटकलं आणि सरळ माझ्या धुतलेल्या ओट्यावर जाऊन बसली. मामंजी तिला हाका मारत, "पूनै, ए पूनै." मला वाटलं, मांजरीचं नाव पुणे ठेवलंय. तमिळमध्ये मांजरालाच पूनै म्हणतात, हे मला पुढे कधीतरी कळलं.

मामंजींना वास येत नसे. अजिबात नाही. तेजाबात सोनं घातलं की पिवळा-तांबडा धूर निघतो, तो तीस वर्षं नाकात गेल्यावर दुसरं काय होणार? दूध उतू जाऊन करपलं तरी ते शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत असत. विचारलं की म्हणायचे, "नाक सोन्याला दिलं, सूनबाई. डोळं तेवढं राखलं." त्या डोळ्यांचा त्यांना भारी अभिमान. दिसेल तेवढंच खरं, असा त्यांचा खाक्या. मीठ पांढरं दिसतं की मळकट, पाणी निवळशंख आहे की नाही, सगळं उजेडाकडे धरून बघायचं.

पूनैची सोयही त्यांनीच आणली होती. न्हाणीशेजारच्या बोळात एक लोखंडी घमेलं ठेवलं आणि त्यात येरळा नदीची वाळू घातली. आमच्याकडे मांजरं मागच्या परड्यात जातात, माती उकरतात, आणि कोणाला काही कळतही नाही. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यावर मामंजींनी कारण सांगितलं. गलाईच्या दुकानातल्या मांजराला बाहेर सोडत नाहीत, म्हणे. त्याच्या पायाला सोनं लागतं. पायाबरोबर सोनं गल्लीत जाऊ नये म्हणून पूनै जन्मापासून दुकानाच्या आत वाढली होती आणि तिला घमेल्याशिवाय दुसरी जागा ठाऊकच नव्हती. घमेल्याला कोणी हात लावायचा नाही, ते काम मामंजींचं.

आणि तरीही महिन्याभरात ती घमेलं सोडून घरभर मुतायला लागली. आधी सतरंजीवर. मग पेपरच्या गठ्ठ्यावर. मग यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर. हे सूतगिरणीत सुपरवायझर होते, तसेच घालून गेले आणि दुपारी घरी आले ते तोंड लाल करून. मला तेव्हा तिसरा महिना होता. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं, तिथे हा वास! उंबरा ओलांडला की तो नाकातून मेंदूत जायचा. मी पदर तोंडाला लावून घरभर हुंगत फिरायची आणि मामंजी माझ्यामागून यायचे. "कुठं? दाव मला. मला तर काय बी दिसत न्हाई." वाळला की डाग दिसत नसे हे खरं, पण मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम पांघरूण घालतोय. तसं मी बोललेही, आणि हळू आवाजात नाही.

शेवटी एका सकाळी पूनैने माझ्या माहेराहून आलेल्या गोधडीवर कार्यक्रम उरकला. ती गोधडी आईने बाळासाठी शिवली होती. मी बॅग भरली. यांना सांगितलं की मी साताऱ्याला जाते, ही मांजर घरातून जाईल त्या दिवशी मला न्यायला या. यांनी कोपऱ्यातलं रिकामं पोतं उचललं. पोत्यात घालायचं, स्कूटरवर पुढे ठेवायचं आणि येरळेपलीकडे सोडून यायचं, गावात सगळे असंच करत. मामंजी दारात उभे होते. मी त्यांना कधी कोणाला विनवताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांनी विनवलं नाही.

"आठ दिस दे," ते यांना नाही, मला म्हणाले. "तिचं काय चुकतंय ते म्या हुडकतो. न्हाई हुडकलं, तर पोत्याचं तोंड म्याच शिवीन. तीस वर्सं तितं ऱ्हायलो, सूनबाई. बायकूचं तोंड शेवटचं बगाया गावलं न्हाई. तितलं जित्तं काय आणलं असंल तर येवडंच हाय."

मी बॅग खाली ठेवली. आठ दिवस म्हणजे आठच, असं मात्र बजावलं.

मामंजी कामाला लागले ते असे, की जणू किलोभर सोन्यात भेसळ सापडली आहे. पहिल्या दिवशी शेजारणीने सांगितलं म्हणून जागोजागी डांबराच्या गोळ्या टाकल्या. पूनैने त्या सोडून बाजूची जागा धरली. दुसऱ्या दिवशी मिरपूड. त्याने पूनै सोडून आम्ही तिघं शिंकलो. तिसऱ्या दिवशी फिनेल ओतलं, तर मला इतकं उमळून आलं की मी दिवसभर ओट्यावर बसून काढला. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, म्हैस असती तर सांगितलं असतं, पण लघवीत रक्त नाही, कुंथत नाही, म्हणजे दुखणं नसावं. "दुखणं न्हाई, म्हंजे कारण हाय," मामंजी घरी येऊन म्हणाले. त्यांना उलट हुरूप आला.

पाचव्या दिवशी मी न्हाणीपुढे ब्लाउज धूत होते. त्यावर हळद सांडली होती. साबण लावला तसा तो पिवळा डाग तांबडा झाला. प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं, त्यात बघण्यासारखं काही नाही. मामंजी मात्र वाकून बघत राहिले.

"हे असंच हुतंय? दर टायमाला?"

"साबणानं होतं. चुन्यानंही होतं. कुंकू तसंच करतात ना, मामंजी?"

"खार लागला की हळद लाल. आरं तिच्या!" त्यांनी कपाळावर हात मारला. "जुन्या मुतात खार असतोय, सूनबाई. टाकणखारावानी. मला वास येत न्हाई तर न्हाई. हळदीला तर वळकंल!"

सहाव्या दिवशी त्यांनी आपलं जुनं धोतर फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, हळदीच्या पाण्यात बुडवल्या आणि ओल्या ओल्या घरभर पसरल्या. सतरंजीखाली, कपाटाच्या पायाशी, पलंगामागे, दाराच्या कोपऱ्यात. हळदीकुंकवाला घर सजवलंय असं वाटत होतं. शेवटची एक पट्टी उरली, ती त्यांनी घमेल्यातल्या वाळूवर टाकली. मी विचारलं, तिथे कशाला? ती तर तिथे जातच नाही. "नमुना," ते म्हणाले. "तपासणी करताना एक चोख नमुना बाजूला ठेवायचा आसतोय. हितं पिवळीच ऱ्हाईल. तिच्याशी बाकीच्या ताडून बगायच्या."

तासाभराने आम्ही दोघं फिरलो. पलंगामागची पट्टी जरा तांबूस झाली होती. कपाटापाशी तसाच एक डाग. सतरंजीखाली कडेला एक रेघ. मामंजी एकेक पट्टी उजेडाकडे धरून माझ्याकडे देत होते. मग आम्ही बोळात आलो. घमेल्यावरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक झाली होती, देवीला वाहिलेल्या कुंकवासारखी.

मामंजी तिथेच खाली बसले, मूठभर वाळू घेतली आणि तळहातावर पसरून बघितली. वाळू स्वच्छ दिसत होती. ते रोज खुरप्याने दिसेल तेवढी घाण उचलून टाकत आणि घमेलं उन्हात ठेवत. वाळलं की कोरं करकरीत दिसायचं. पूनै आल्यापासून तीच वाळू होती. मी वाकले, आणि एवढे दिवस बोळातून नाक दाबून जात असल्यामुळे मला जे कळलं नव्हतं ते एका श्वासात कळलं. त्या झोंबऱ्या वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सेलमला रोज सांजचं वाळू बदलायची," मामंजी हळूहळू म्हणाले. "मांजराच्या पायाचं सोनं त्या वाळूत उतरायचं. म्हून सगळी वाळू केरात घालायची आन् नवी भरायची. तीस वर्सं नेम चुकला न्हाई. हितं सोनं न्हाई, म्हून म्या बदलली न्हाई." मग म्हणाले, "ती वाळू सोन्यासाटी बदलत हुतो, सूनबाई. मांजरासाटी न्हाई. आन् ती बिचारी सांगत हुती, हे घाण हाय, हे घाण हाय. लय येळा सांगितलं तिनं."

मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण गोधडी माझी गेली होती. पण आपल्या डोळ्यांवर एवढा विश्वास असलेला माणूस हातातल्या मूठभर वाळूकडे तसा बघत बसलेला मला सोसवला नाही. मी म्हटलं, "उठा, मामंजी. नवी वाळू आणा."

पोतं कामाला आलं. ते घेऊन मामंजी यांच्या स्कूटरवर मागे बसून येरळेला गेले आणि भरून वाळू आणली. घमेलं राखेने घासून, उन्हात वाळवून पुन्हा बोळात ठेवलं. पूनै आली, तिने हुंगलं, एकदा गोल फिरली आणि आत उतरली. मामंजी भिंतीआडून बघत होते. मीही बघत होते. मुतणाऱ्या मांजरीकडे दोन माणसं इतक्या आनंदाने कधी बघत असतील असं मला वाटत नाही.

दुसऱ्या सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याशी बोलताना ते कधी अडखळत नसत, त्या दिवशी अडखळले. "सूनबाई, येक काम हाय. डोळ्याचा आता भरवसा न्हाई. रोज सकाळी येवडं घमेल्यापाशी येऊन मला सांगशील? तुजं नाक जरा उसनं दे."

त्या दिवसांत माझ्या नाकासारखं नाक विटा-खानापूर भागात दुसरं नसेल. बोळाच्या तोंडाशी उभं राहून मी सांगायची, "बदला," किंवा "आजचा दिवस चालेल." मी म्हणेन ते शेवटचं. मामंजींनी कधी उलट विचारलं नाही, "नक्की का?" त्या घरात आल्यापासून माझ्या शब्दाला एवढी किंमत पहिल्यांदाच आली होती, आणि तीही मांजरीच्या घमेल्यापाशी. मी साताऱ्याला गेले ती सातव्या महिन्यात, रीतसर, ओटी भरून. तेवढे दिवस मामंजी शेजारणीला बोलावून वास घ्यायला लावत होते, असं मागाहून समजलं.

हळूहळू त्यांना मागण्याची सवय झाली आणि मला देण्याची. दूध लागलंय का, हिंग चांगला आहे का, पेटीतल्या शालीला कुबट वास येतोय का, सगळं ते मला विचारत. मुलगा दोन महिन्यांचा होता तेव्हा मांडीवर घेऊन बसले होते. एकदम म्हणाले, "ह्याच्या टाळूचा वास कसला येतो गं? माजी दोनी पोरं झाली तवा म्या तिकडंच. वासबी न्हाई, काय बी न्हाई." मी वाकून हुंगलं. वेखंडाचा, तेलाचा, जरासा आंबूस दुधाचा, धुरीचा. एकेक करून सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "सावकाश सांग," म्हणाले, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पूनै आमच्याकडे आणखी सहा वर्षं राहिली आणि म्हातारी होऊन गेली. पुढच्या वर्षी मामंजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ते पलंगाला खिळले. जीभ थोडी जड झाली, डोकं मात्र पहिल्यासारखंच तल्लख. शरीरावरचा ताबा गेला होता. ज्या माणसाने आयुष्यभर धोतराची निरी मोडू दिली नाही, त्याला आता काही कळायच्या आत चादर ओली होत असे. मी सकाळ-दुपार चादरी बदलत होते, रबरी कापड धूत होते, उदबत्ती लावत होते. सांगलीची, साताऱ्याची माणसं भेटायला येत आणि मामंजी त्यांच्या चेहऱ्यांकडे बारकाईने बघत. कोण खुर्ची मागे सरकवतो, कोण रुमाल काढतो. डोळे त्यांनी राखले होते, आणि आता तेच त्यांना छळत होते.

एका दुपारी, पाहुणे गेल्यावर, त्यांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं. "सूनबाई, खरं सांग. खोलीत वास येतोय?"

येत होता. सात वर्षं मी त्यांना वासाबद्दल एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्या एका गोष्टीवर आमचं दोघांचं सगळं उभं होतं.

"नाही, मामंजी," मी म्हटलं. "कसलाही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, उजेडाकडे काही धरून बघावं तसे. मग तोंडाच्या एका बाजूने हसले. "म्हंजे तुजंबी नाक गेलं म्हनायचं."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"व्हय, मामंजी," मी म्हटलं, "माजंबी गेलं."