ड्रॅगनची वेसण

माणसं कमी झाली की किस्से वाढतात. ऐकायला कोणी नसतं, मग ते साठत जातात. आमचं त्रिकूट होतं: मी भूगोलाचा, साळवे सर जीवशास्त्राचे आणि पठारे मास्तर ड्रॉइंगचे. तिघांची हयात पारनेरच्या एकाच शाळेत गेली.

*

रिटायर झाल्यावर साळवे सरांनी सुप्याजवळच्या रानात ड्रॅगन फ्रूट लावलं. पठारेंनी खांबावर चढवलेलं ते काटेरी झाड चहूबाजूंनी पाहिलं. "सर, ह्ये तर निवडुंग हाय. बांधावरचं उपटून फेकलं आन् इकत आनून लावलं व्हय!"

सर आठवडाभर बोलले नाहीत.

*

एका संध्याकाळी त्याच रानातून मी दोघांना उत्तरेच्या आभाळातला कालेय तारकासमूह दाखवला. आपला कालेय म्हणजेच इंग्रजांचा ड्रॅगन, असं सांगितल्यावर साळवे सर हरखले. रानात ड्रॅगन, आभाळात ड्रॅगन! पठारेंना मात्र नुसते ठिपके दिसत होते.

"ठिपके तुमी दिले," ते म्हणाले, "आता रांगोळी मलाच काढाया लागनार."

*

काढलीच. रानाच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर हिरवागार ड्रॅगन. पंख, शिंगं, तोंडातून जाळ. आणि नाकात वेसण!

साळवे सरांनी कपाळावर हात मारला. पठारे पडले शेतकऱ्याचे चिरंजीव. "मोकळं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर भांडान तुमच्याच दारात यील."

मग दर पोळ्याला ते ड्रॅगनची शिंगं नव्यानं रंगवायचे. चर्चला जाणारे आमचे साळवे सर नैवेद्याची पुरणपोळी खायला सगळ्यात पुढे.

*

मागच्या वर्षी साळवे सर गेले. आम्ही दोघं तरीही संध्याकाळी त्या भिंतीपाशी जाऊन बसायचो. बोलण्यासारखं फारसं नसायचं, पण शेजारी माणूस असायचं.

यंदा पठारेंची नजर अधू झाली. मुलगा त्यांना पुण्याला न्यायचं म्हणू लागला. जाऊ नका, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्यासाठी त्यांनी इथं चाचपडत का राहावं? मी एवढंच विचारलं, "पोळ्याला याल ना, शिंगं रंगवायला?"

"बघू," म्हणाले.

त्यांची गाडी गेली त्या सकाळी घरात बसवेना, म्हणून मी रानात गेलो. पोळा अजून लांब होता, तरी ड्रॅगनची शिंगं ताज्या रंगानं चमकत होती. रंग जागोजागी रेषेबाहेर गेला होता.

आणि नाकातली वेसण पुसलेली होती.