वासरांच्या बादलीतलं दूध

आर्डिस क्वाम्मेला शेणाची किळस कधीच आली नाही. विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत, गोठ्यात जन्म काढलेल्या बाईने शेणाला नाक मुरडायचं म्हणजे कोळणीने मासळीला मुरडण्यासारखं. वासरू अडलं की ती खांद्यापर्यंत हात घालून ओढून काढी आणि तेच हात धुऊन पावाचं पीठ मळी. पण सडातून दुधाबरोबर पू आला की ती तोंड फिरवी. भांड्यात नासलेलं दूध एक वेळ चालेल. कासेतच नासलेलं तिला बघवत नसे.

हुल्डा पहिल्यांदा व्यायली त्या सकाळी नेमकं तेच झालं. हुल्डा आर्डिसची लाडकी, तिच्या माहेरच्या गाईच्या वंशातली शेवटची. पहिली धार दूध पारखायच्या काळ्या तबकडीत पडली ती पिवळी, गुठळ्यांची, कुजक्या वासाची. कासेचा मागचा भाग टणक. दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली होती. जिच्या सडाला अजून कुणी हात लावला नव्हता, तिला दगडी?

नवरा हार्लन, त्याचा उपाय ठरलेला. सडात औषधाची ट्यूब सोडायची आणि दूध पांढरं दिसलं की थांबायचं. त्याचा बापही तेच करी. दूध पांढरं झालं, हार्लन थांबला, पू परत आला. मग दुसरी ट्यूब, तीही अर्धवट. तेव्हा कुठे आर्डिसने गुरांच्या डॉक्टर राइनहार्टबाईंना बोलावलं.

बाईंनी दूध तपासायला नेलं आणि परत आल्या त्या तोंड पाडून. हार्लनच्या कपाटातली सगळी औषधं त्या दुधातले जंतू पचवून बसले होते. ते आता कासेतून निघायचे नाहीत, गाय काढून टाका, नाहीतर बाकीच्या गाईंनाही हा रोग देईल, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "वासरांना काय पाजता?"

"दुसरं काय, दूधच," आर्डिस म्हणाली. "औषध चालू असलेल्या गाईंचं. ते विक्रीच्या टाकीत घालता येत नाही, मग काय ओतून द्यायचं?"

त्या खोऱ्यात सगळे हेच करत. नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं ती; दूध ओतून देणारीला तिथे वळण नसलेली म्हणत.

डॉक्टरबाईंनी नुसतं वासरांकडे बोट केलं. बादली चाटून झाल्यावर फेसाळ तोंडाच्या कालवडी एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून चोखत होत्या. आर्डिसने हे कितीदा तरी पाहिलं होतं, कौतुकाने हसलीही होती. आता तिला पुवाच्या दुधाने माखलेली ती तोंडं दिसली, आणि त्यांत धरलेले कोवळे सड. घोटाघोटाने औषध पिऊन निर्ढावलेले जंतू या बादलीतूनच वाढले होते. हुल्डाही याच बादलीवर मोठी झालेली, आर्डिसच्याच हातून. आर्डिस कुंपणाला धरून ओकली.

हार्लन मात्र नवी ट्यूब घेऊन हुल्डाकडे निघाला होता. "आणखी एकदा बघू. तुझीच लाडकी ना?"

"ठेव ती खाली. आधीचं औषध आत्ता कुठे अंगातून उतरलंय. पुन्हा घातलंस की ते उतरेपर्यंत कत्तलखाना तिला घेणार नाही, आणि तोवर ती सगळ्यांच्या शेजारी उभी."

"मन कसं होतं गं तुझं?"

"मी तिला पू पाजलाय, हार्लन. आता तरी मला नीट वागू दे."

ट्रक आला तेव्हा आर्डिसनेच हुल्डाला दोरीने चढवलं. गाय शहाण्यासारखी चढली, त्याचाही तिला राग आला.

संध्याकाळी तिने औषधाच्या दुधाची बादली शेणखड्ड्यात उपडी केली. मग वासरं काय पिणार, म्हणून हार्लनने विचारलं. टाकीतलं, ती म्हणाली; विकतो तेच. तो हबकलाच. ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. एकेका कालवडीला ओढून तिने वेगळ्या कप्प्यात बांधलं. त्या हंबरत राहिल्या. यांतली कुठली आतून नासली आहे, हे त्या व्याल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि प्रत्येकीची पहिली धार बघायला तिलाच बसायचं होतं.