बियाचा दोडका

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या एका दुष्काळी वर्षातली ही आठवण. मी तिथल्या नव्या कचेरीत कारकून होतो. आई-वडील रेणापूरजवळच्या आमच्या गावी. त्या वर्षी पेरलेलं एकदा करपलं, दुसऱ्यांदा पेरावं लागलं, आणि आईने मडक्यात राखेत जपलेलं दोडक्याचं सगळं बी त्यातच संपलं. ते तिने लग्नानंतर माहेराहून, जळकोटकडून आणलं होतं. परसात एकच वेल जगला. भांडी विसळलेलं पाणी ती त्यालाच घालायची.

"येलाला रोज न्हाऊ घालती, मला मातर तांब्याभर," वडील म्हणायचे.

"तुमाला काय दोडके लागनार हायत?"

दसऱ्यानंतर वेल पिवळा पडू लागला. शेवटचा दोडका आईने बियाला राखला. कुणी तोडू नये म्हणून आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी त्याला बांधली. तो वेलावरच वाळून खडखडला असता, तर पुढच्या वर्षाचं बी मिळालं असतं. आठ दिवसांनी आई तापाने गेली.

तिसऱ्या दिवशी आत्या तिची लुगडी द्यायला म्हणून गोळा करत होती. परसातून आली तेव्हा तिच्या हातात ती चिंधीही होती.

"गेल्या मानसाचं कापड घरात ठिवू न्हाई," ती म्हणाली. मी पाहिलं, आणि नुसती मान डोलावली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशींनी जेवण आणलं. भाकरी, वरण, दोडक्याची भाजी.

"तुमच्याच परसातला हाय. जरा जून लागंल. येल वाळून चाललाय, म्हनलं वाया कशाला? घरचं हाय, दोन घास जातील तरी."

मी बोटाने भाजी चाळवली. बिया काळ्या धरल्याच नव्हत्या, अजून पांढऱ्याच होत्या, शिजून फुगलेल्या. वडिलांनीही पाहिल्या. मावशी डोळ्यांना पदर लावून समोर बसल्या होत्या. आमच्यासाठी त्यांनी टँकरवरून दोन घागरी जास्तीच्या आणल्या होत्या. त्यांना काय बोलणार? आत्याला तरी काय?

"चांगली झाली," वडील म्हणाले, आणि जेवू लागले. मीही जेवलो. मावशींच्या देखत एक बीसुद्धा मला ताटाच्या कडेला काढून ठेवता आली नाही.

जेवण झाल्यावर वडिलांनी ताटं विसळली आणि ते पाणी नेऊन वेलाच्या बुडाशी ओतलं. हवेत गारवा आला होता. वेलावर पानंसुद्धा उरली नव्हती. आता कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

माझी रजा संपेपर्यंत ते रोज पाणी घालत राहिले, आणि मी रोज माझं ताट त्यांच्या हाती देत राहिलो.