सगळ्यांना सोडून झाल्यावर

ताईचा एक तोरा होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचा. भर बाजारातून माणसांचा लोंढा चालला असला तरी त्यातला बिनघराचा कोण, हे ती लांबूनच ओळखायची. हातातली पिशवी क्षणभरही खाली न ठेवणारा. बाकावर टेकला तरी भिंतीला पाठ लावून टेकणारा. उन्हाचा तडाखा असतानाही अंगात एकावर एक शर्ट चढवलेला. मदतकेंद्रात नवी मुलगी कामाला लागली की ताई तिला हे सगळं शिकवायची आणि वर बजावायची, "डोळे उघडे ठेव गं. माणसं सांगत नाहीत, आपण बघायचं असतं."

डोंबल बघत होती! पण ते पुढे.

केंद्र तसं लहानसंच. खाली स्वयंपाकघर, न्हाणीघरं आणि कपडे धुवायचं यंत्र. वर पलंगांच्या खोल्या. एक घर सुटलेल्या कुटुंबांसाठी, एक घरातून निघून आलेल्या तरुण पोरांसाठी, एक रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी. दाराशी एक जुनी पांढरी गाडी, आणि त्या गाडीचे चालक म्हणजे साहेब.

साहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पण रोज इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, गुळगुळीत दाढी. देणगी द्यायला आलेले पाहुणे केंद्राच्या प्रमुखांना बाजूला सारून ह्यांच्याशीच हात मिळवायचे. मग साहेब नाही तर काय म्हणणार? पूर्वी ते शाळेची बस चालवायचे. बायको लांबलेल्या आजारपणात गेली, मूलबाळ नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि एवढ्यावर सगळे खूश होते. सकाळी स्वयंपाकीणकाकू कुलूप काढायला यायच्या तेव्हा हे आधीच गाडी पुसत उभे.

"काय हो साहेब, अंथरूण टोचतं की काय तुम्हाला?" काकू चिडवायच्या.

"तुमच्या चहासाठी जीव तळमळतो, काकू."

"पुरे हो! दुसरीकडे सांगा असलं."

संध्याकाळी काम आवरलं की साहेब सगळ्यांना गाडीतून घरी सोडत. आधी नर्सबाई, मग काकू, शेवटी ताई. ताईच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत गाडी खाली थांबलेली असायची. केवढा सज्जन माणूस, असं ताईला वाटायचं. सगळे उतरल्यावर गाडी कुठे जाते, हा प्रश्न मात्र एकाच्याही डोक्यात कधी आला नाही. जाते आपली घरी, दुसरीकडे कुठे जाणार?

मध्यंतरी केंद्राच्या दारातून एका शेजाऱ्याची स्कूटर चोरीला गेली. झालं, ताई बैठकीत तावातावाने उठली. आपली गाडी रात्रभर कुठेतरी उघड्यावर उभी असते, हे बरं नव्हे. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ओळखीचा आहे. सोमवारपासून संध्याकाळी गाडी त्याच्याकडे आत, शटर खाली, किल्ली प्रमुखांकडे. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबही म्हणाले, "उत्तम. गाडी जपायलाच हवी." ताईने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तो सोमवार उजाडला आणि सकाळीच ताईचा फोन वाजला. एक बाई दोन लेकरांना घेऊन बसस्थानकावर रात्रभर बसून होती. ताई चहाही न घेता निघाली. केंद्राशी आली तर गाडी दारात नव्हती, मागच्या बोळात होती. वा, साहेब इतक्या लवकर आले की काय, असं म्हणत तिने गाडीचं मागचं दार सर्रकन ओढलं.

आणि ती जागच्या जागी थिजली.

आत आडवा पडदा लावलेला होता. पडद्याअलीकडे घडी केलेली सतरंजी, उशी, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. खिडकीच्या कडेला दात घासायचा ब्रश आणि एका बाईचा फोटो. आणि सीटवर बनियनमध्ये, अर्ध्या गालाला साबण लावलेले साहेब. हातात वस्तरा तसाच धरलेला.

ताईने दाराची कड घट्ट धरली. अरे देवा, रोज ह्याच गाडीतून घरी जात होते मी! ह्याच सीटवर बसून उद्या कोणाला पलंग द्यायचा त्याच्या गप्पा मारत होते! आणि आज संध्याकाळपासून तीच गाडी शटरआड घालायला निघालेही मीच! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने डोळेच मिटून घेतले.

"बसस्थानकावर जायचंय ना?" साहेबांनी गाल पुसला. "पाच मिनिटं द्या."

तेवढ्यात पडदा, सतरंजी, उशी सगळं रोजच्यासारखं सीटखाली गेलं, दोरी तेवढी राहिली. ती बाई आणि लेकरं मागे बसली. त्यातली धाकटी पोर इकडेतिकडे बघत सहज म्हणाली, "आई, ह्या गाडीत कोण राहतं?" आईने तिला दटावलं. साहेबांनी आरशात पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर लावली. चार वर्षांच्या पोरीला जे आत पाय ठेवताच दिसलं, ते ताईला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

मायलेकरांना काकूंच्या स्वाधीन केल्यावर ताई साहेबांना कोपऱ्यात घेऊन गेली. आणि तिथे तिने घोळ घातला. केंद्रातल्या माणसांचा एक आवाज असतो. आलेल्याशी बोलायचा, हळू, मऊ, साखर घोळल्यासारखा. ताईचा तो आवाज तर सगळ्यांत नावाजलेला. नेमका तोच निघाला.

"तुम्ही अजिबात घाबरू नका हं. आपण मिळून बघू या. सावकाश सांगा, काय झालं?"

साहेबांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

"ताई," ते म्हणाले, "माझ्याशी असं बोलू नका."

"पण मी तर—"

"घर मेव्हण्याचं होतं. बायको गेली आणि महिन्याभरात माझं सामान बाहेर आलं. म्हटलं, चार दिवस गाडीत काढू. एकट्या पुरुषाला खोली द्यायला लोक कां कू करतात. सध्याचा पत्ता विचारतात, तो काय सांगू? आणि आपल्या पगारी माणसाला इथे पलंग मिळत नाही, नियम तुम्हालाही ठाऊक आहे." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "इथे मी चालक होतो. तुम्ही माझ्यावर खेकसायच्या, 'साहेब, उशीर झाला, हला की जरा!' ते फार बरं वाटायचं हो."

आणि ते निघून गेले. ताई नुसती बघत राहिली. माणूस एकदा असा गेला की परत येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? लाजेने गेलेला तर नाहीच नाही.

काकूंना कळलं तेव्हा त्यांच्या हातातलं पातेलं दाणकन खाली आदळलं. "काय सांगतेस! आपले साहेब? अगं, रोज सकाळी मी त्यांना अंथरुणावरून चिडवायचे गं!" काकू मटकन खाली बसल्या. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि मग एकदम भडकल्या. "तू इथे काय बघत उभी राहिलीस? माझी मागची खोली लेक लग्न होऊन गेल्यापासून धूळ खात पडलीय. भाडं देतील ते, फुकट नको त्यांना. जा, शोधून आण!"

ताई शोधत सुटली. नदीचा पूल, पुलाखालची जागा, दवाखान्याचा व्हरांडा, जिथे जिथे बिनघराची माणसं असतात ती सगळी ठिकाणं तिने पालथी घातली. साहेब कुठेच नाहीत. दुपार टळली. उशिरा का होईना डोक्यात प्रकाश पडला, की ती सगळ्यांना शोधते तशीच ह्यांनाही शोधतेय. साहेब कुठे जातील? जिथे इस्त्रीचा शर्ट शोभेल तिथे. ती वाचनालयात गेली. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी ते बसले होते, चष्मा लावून, ताठ. शेजारी पिशवी, आणि पिशवीच्या पट्ट्यात अडकवलेला हात.

ते पाहून ताईला गलबलून आलं. मऊ आवाज पुन्हा घशाशी आला. तिने तो गिळला.

"साहेब!" ती एवढ्या जोरात खेकसली की सगळं वाचनालय दचकलं. "पेपर कसले वाचताय? औषधं आणायचीयत, पोरांना शाळेतून आणायचंय, ती गाडी काय माझा आजा चालवणार? काकूंची मागची खोली रिकामी आहे. भाडं त्या सोडणार नाहीत, आधीच सांगते, फार कंजूस बाई आहे. उठा, उशीर झालाय!"

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. ग्रंथपाल जागेवरून उठून यायला लागला तसे तेही उठले.

"हळू बोला हो ताई," ते म्हणाले. "वाचनालय आहे हे."

संध्याकाळी गाडी गॅरेजात गेली, शटर खाली आलं. किल्ली प्रमुखांना देऊन साहेब, काकू आणि ताई काकूंच्या घरी चालत निघाले. वाटेत काकू एकट्याच बोलत होत्या. नळाला पाणी कधी येतं, शेजारीण कशी भांडकुदळ आहे, खिडकी कुठून अडकते. साहेब फक्त हुंकार देत होते.

खोली झाडून ठेवलेली होती. पलंग, एक खुर्ची, भिंतीला खुंट्या. साहेबांनी उंबऱ्यात बूट काढले, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि खोलीभर नजर फिरवली. मग दाराकडे वळून ते दाराची कडी बघत राहिले.

"काकू," त्यांनी विचारलं, "ही मी आतून लावली तर चालेल?"

काकूंना आधी कळेचना. "म्हणजे?"

"गाडीचं दार रात्री कधी आतून अडकवता यायचं नाही. पोलीस ठोकायचे. ताबडतोब उघडावं लागायचं."

काकूंनी तोंडावर पदर धरला. "लावा हो," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. "तुमचीच खोली आहे."

दार बंद झालं. बाहेर दोघी उभ्याच राहिल्या, जायचं भान कोणालाच नव्हतं. आत कडी लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने कडी काढल्याचा आवाज आला. मग पुन्हा लागली. ताई तिथेच पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.