लिंबूटिंबूचं विमान

मला शिवांजलीचा राग येतो. ती सोडून देते, आणि मला सोडून देता येत नाही.

ती शिराळ्याकडची. वडील फौजेत, भाऊ नाही, त्यामुळे ऊस निघाला की ट्रॅक्टर हीच चालवायची. बारावीनंतर ती सांगलीत मावशीकडे आली आणि अठ्ठ्याण्णव साली आम्ही दोघी भाऊसोंच्या कॉम्प्युटर क्लासला लागलो. भाऊसो निवृत्त फौजी, आवाज अजून परेडवरचा. रविवारी क्लासला सुट्टी असायची. तेव्हा ते सगळे कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडून द्यायचे आणि पोरं दोन बाजू करून विमानांची लढाई खेळायची. समोरच्यांची विमानं पाडायची आणि आपण पडायचं नाही, एवढाच खेळ. मला त्यात काडीचा रस नव्हता. मी आपली शिवांजलीबरोबर जायचे आणि शेंगा खात बसायचे.

सुरुवातीला पट्टीचे खेळणारे सगळे एका बाजूला जायचे आणि उरलेल्यांची धूळधाण व्हायची. मग भाऊसोंनी गावाकडची गडी वाटायची रीत लावली. दोन म्होरके ठरवायचे. बाकीच्यांनी आपापल्या तोडीचा जोडीदार शोधायचा, दोघांनी पायरीवर जाऊन गुपचूप नावं घ्यायची, आणि आत येऊन विचारायचं, कोण घेतंय पेढा, कोण घेतंय जिलेबी? म्होरके एकेक नाव उचलणार. जोडीतला एक इकडे, एक तिकडे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या.

रीत चांगली, मी नाही म्हणत नाही. पण त्यात आधी कुणीतरी आपणहून म्हणावं लागतं की मी तुझ्या तोडीचा. शिवांजलीला तसं म्हणायला एक पोरगा तयार होईल तर शपथ. त्यामुळे ती दर रविवारी उरायची, आणि उरलेली ती लिंबूटिंबू. लपाछपीत धाकट्या भावंडाला घेतात तशी. कुठल्यातरी बाजूने खेळायचं, पण तिने पाडलेलं विमान मोजणीत धरायचं नाही, आणि तिला पाडलेलंही नाही.

आणि ती पाडायची, हो. ट्रॅक्टरला ट्रॉली लावली की सारखं मागे बघावं लागतं, ती सवय तिला इथे उपयोगी पडली. पोरं पुढचं विमान गाठायच्या नादात असायची, हिचं लक्ष मागे. खेळ संपला की पडद्यावर तिचा आकडा दिसायचा आणि भाऊसो तो वगळून फळ्यावर बेरीज लिहायचे. पोरं म्हणायची, "तिला कुणी मारतच नाही, म्हणून पाडते." अरे, मग मारा की. पण तिला पाडून गुण मिळत नव्हता, म्हणून तिच्या मागे कोण लागणार?

मी एकदा भाऊसोंशी भांडले. ते म्हणाले, "आगं, खेळाय मिळतंय न्हवं तिला? रूल म्हंजे रूल."

एका रविवारी राजसची बाजू एका विमानाने हरली. राजस सांगलीतल्या वकिलांचा मुलगा, स्वतःची जॉयस्टिक घेऊन यायचा. त्या दिवशी शिवांजली त्याच्याच बाजूला होती. तो शांतपणे म्हणाला, "भाऊसो, शिवांजलीने दोन पाडलीत. ती धरा ना."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. इतके महिने नाही धरली ती, आणि आज धरा?

राजसचा नेहमीचा जोडीदार यशराज, पाटणचा, समोरच्या बाजूला होता. तो म्हणाला, "दोनी येळा मलाच पाडलंय तिनं. धरा की. पर मग फुडल्या रविवारी राजसनं तिची जोड घ्यायची."

राजस हसला. "मुलीची जोड? त्यापेक्षा हरलो म्हणा."

भाऊसोंनी खरंच तसं लिहिलं. म्हणजे याला हरणं चाललं, पण तिच्याशी बरोबरी चालली नाही. रस्त्याने मी तोंडाला येईल ते बोलत होते. शिवांजली म्हणाली, "हरला न्हवं त्यो? मग झालं की."

पुढच्या रविवारी जोड्या लागायला लागल्या. राजस सवयीने पायरीवर जाऊन उभा राहिला. यशराज त्याच्या शेजारून आत आला आणि शिवांजलीच्या खुर्चीपाशी थांबला. "चल गं. माझी जोड तूच हायस."

बाकीच्यांच्या जोड्या केव्हाच लागल्या होत्या. उरला राजस.

त्या दिवशी तो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर लिंबूटिंबू म्हणून खेळला. त्याने चार विमानं पाडली, एकही धरलं गेलं नाही. त्याच्या मागे कुणी लागलंही नाही. शिवांजलीची तीन धरली गेली, फळ्यावर पहिल्यांदा. पण फळ्याकडे बघतंय कोण? सगळे राजसकडे बघत होते. पोरं हळहळली, "बिचारा, एवढा चांगला खेळला." एकाने त्याला सरबत आणून दिलं.

भाऊसोंनी घसा साफ केला. "हे काय बरं दिसत न्हाई गड्यांनो. पोराचा खेळ वाया गेला. आजपास्नं लिंबूटिंबू बंद. सगळ्यांचं धरायचं."

एका दुपारीत बदलला त्यांचा रूल. तिच्यासाठी महिनोन्‌महिने कुणाला जे दिसलं नाही, ते त्याच्यासाठी एका खेळात सगळ्यांना दिसलं. मी उठले होते, बोलणारही होते. शिवांजलीने माझी ओढणी धरून खाली बसवलं.

"आता माझी धरत्यात न्हवं?" ती म्हणाली. "मग बास झालं मला."

मला नाही झालं.