घोटभर पाण्याचा विषय

एमएस्सी नर्सिंगला बेळगावात आले तेव्हा माझा प्रबंधाचा विषय ठरलेला होता. इतकी वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, तिथूनच तो आणला होता. ऑपरेशन असलेल्या प्रत्येकाच्या खाटेवर आदल्या रात्रीच ‘तोंडाने काही नाही’ अशी पाटी लागायची. मग नंबर सकाळी लागो नाहीतर दुपारी, पाणीसुद्धा बंद. म्हाताऱ्या माणसांची जीभ टाळूला चिकटायची. पुस्तकं सांगतात, बहुतेकांना साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ते आपल्या वॉर्डात नीट करून बघायचं आणि कुणाला काय होतं त्याची नोंद ठेवायची, एवढंच माझं म्हणणं होतं.

गाईड मॅडम मनाने चांगल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, भूलतज्ज्ञांची परवानगी कोण आणणार, आणि एखाद्याला भुलीत उलटी झाली तर निस्तरणार कोण? मग त्यांनी लायब्ररीतलं जुन्या प्रबंधांचं कपाट दाखवलं. आमच्यात विषय असाच निवडतात. एखादा प्रबंध काढायचा, गावाचं नाव बदलायचं, ‘अमुक महिलांचे तमुकविषयीचे ज्ञान’ असं शीर्षक द्यायचं, की झालं. याला म्हणे पुराव्यावर आधारलेलं नर्सिंग. त्या कपाटाचा मला तेव्हा संताप आला होता, अजूनही येतो.

शेवटी मी निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बायकांचं लोहयुक्त आहाराविषयीचं ज्ञान मोजलं. माहेर तिथलंच, बायका ओळखीच्या. मांडीवरचं विड्यांचं सूप खाली न ठेवताच त्यांनी उत्तरं दिली. मी तक्ते दाखवून तेच प्रश्न पुन्हा विचारल्यावर त्यांचे गुण वाढले. ताटातली भाजी काही वाढली नाही. मी मात्र पास झाले.

गेल्या उन्हाळ्यात आई न्हाणीत पडली आणि तिचा खुबा मोडला. बेळगावातल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आधीची केस लांबली आणि आईचा नंबर सरकत सरकत दुपारवर गेला. खाटेवर पाटी होतीच. आई तशी सोशिक, कधी काही मागायची नाही. त्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, “तू एवढी शिकलीस न्हवं? मग घोटभर पाणी दे की गं.”

मी भूलतज्ज्ञांना गाठलं. अजून बराच वेळ आहे, दोन घोट चालतील, असं म्हटलं आणि वाचलेलं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. ते चिडले असते तर भांडता तरी आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, “ते बाहेरचं झालं, सिस्टर. आपल्याकडं, आपल्या पेशंटवर कुणी करून बघितलंय का?”

“नाही,” मी म्हटलं.

परत येऊन आईच्या ओठांवरून ओला कापूस फिरवला. तिनं तो दातांत धरला आणि चोखायला लागली. मला तो ओढून काढावा लागला.