उंदराचं कार्ड

कोशाच्या कचेरीत त्याला सगळे मूळपुरुष म्हणत. इंग्रजी शब्दाचा माग काढत लॅटिनपर्यंत जायचं आणि सापडलेलं मूळ कार्डावर लिहून खाली सही-तारीख टाकायची, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. जाडा लॅटिन कोश उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही, हा नियम त्यानेच घातलेला. नवख्याने काही अंदाजपंचे लिहिलं की तो म्हणायचा, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

त्याची लाडकी गोष्ट 'मसल'ची. मसल म्हणजे स्नायू आणि त्याचं मूळ मुस्कुलुस, म्हणजे छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं, म्हणून. स्वतःचा काडीसारखा दंड फुगवून तो हे दाखवायचा आणि उंदीर काही केल्या बिळाबाहेर यायचा नाही. लेकीपासून चहावाल्यापर्यंत कोणी सुटलं नव्हतं.

त्या दुपारी छपाईला जायच्या खणात 'मसल'चं कार्ड त्याच्या हाती आलं. मूळ: मस्लारे, म्हणजे दोर ओढणे. असा शब्द लॅटिनमध्ये नाहीच. पण अक्षर त्याचं होतं, सही त्याची होती आणि तारीख गेल्या मंगळवारची.

वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायचे, मग वार, आणि नोकरी सुटून घरी बसल्यावर वर्षाच्या आत पोटच्या मुलाला "बसा ना पाहुणे" म्हणायला लागले.

त्याने कार्ड उलटलं. मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, खरं मूळ लिहिलेलं होतं. अक्षर संपादकबाईंचं. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या त्या. त्याने दुसरं कार्ड उलटलं, मग भराभर सगळा खण. अशी अकरा निघाली. सर्वांत जुनं सोळा महिन्यांपूर्वीचं.

बाई आत आल्या तेव्हा कार्डं टेबलभर पसरली होती.

"किती दिवस निस्तरताय हे? मला सांगायचं तरी."

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "सांगितलं होतं, काका. इथेच बसून. हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय."

"मग मी काय म्हणालो?"

"दोन्ही वेळा एकच. लेकीला कळू देऊ नका."

तेच वाक्य आत्ता त्याच्या ओठांवर आलं होतं.